मूळव्याधीच्या नावाखाली

बीड जिल्ह्यातल्या केजमधून निघालेला एक रस्ता तीसेक किलोमीटरवरच्या अंबाजोगाईला जातो, दुसरा मांजरा ओलांडून कळंब-येरमाळ्यावरून बार्शीला. पहिल्याच्या टोकाला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सगळा परिसर त्याला ‘स्वाराती’ म्हणतो. दुसऱ्याच्या टोकाला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. परसाकडे बसताना रक्त जातंय म्हणून धास्तावलेला माणूस यांपैकी एका रस्त्याला लागतो तो पुष्कळदा फार उशिरा. त्याआधी बरंच काही होऊन गेलेलं असतं. उष्णता झाली म्हणून सब्जा पिऊन होतो, ताक-भाकरीवर राहून होतं, कुणी सांगितलेली मुळी उगाळून होते, मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणून होते, आणि ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : बिनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ असं रंगवलेल्या भिंतीमागच्या खोलीतही एक-दोन फेऱ्या होतात. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. रक्त नेमकं कुठून येतं, हे कुणीच पाहिलेलं नसतं.

या दुखण्याचा आपल्याकडचा इतिहास वाचला की ही गोष्ट जास्तच बोचते. कारण पाहायचं साधन इथे फार जुन्या काळी घडवलं गेलं होतं.

सुश्रुतसंहितेत मूळव्याधीला, म्हणजे अर्शाला, आठ महागदांत जागा दिलेली आहे. बरं करायला कठीण अशा मोठ्या आजारांची ही यादी. त्याच परंपरेत अर्शयंत्राचं वर्णन येतं आणि वाग्भटाने त्याची मापं नेमकी नोंदली आहेत. गाईच्या सडासारखा आकार, लांबी चार अंगुळं, घेर पुरुषांसाठी पाच अंगुळं आणि स्त्रियांसाठी सहा. यंत्राला भोकं ठेवायची तीही विचार करून : दुखणं बघायचं असेल तेव्हा दोन भोकांचं यंत्र, औषध लावायचं असेल तेव्हा एकाच भोकाचं, म्हणजे जाळणारा क्षार नको त्या जागी लागणार नाही. आजच्या सर्जनच्या टेबलावरचं प्रॉक्टोस्कोप हातात घेतलं तर चार अंगुळांच्या त्या नळीशी त्याचं नातं सांगावं लागत नाही.

क्रिया कशी करायची याचं सुश्रुताचं वर्णन तर जवळ उभं राहून लिहिल्यासारखं आहे. आभाळ निरभ्र असावं, फार थंडी नाही आणि फार ऊन नाही असा काळ असावा. रुग्णाला सपाट फळीवर किंवा खाटेवर असं निजवावं की गुदभागावर सूर्याचा उजेड पडेल, डोकं दुसऱ्या माणसाच्या मांडीवर असावं, कंबर थोडी उचललेली असावी, सेवकांनी त्याला हलू देऊ नये. यंत्राला तूप लावून ते सावकाश सरळ आत सारावं, रुग्णाला थोडं कुंथायला सांगावं. मोड दिसला की तो पुसून त्यावर क्षार लावावा, शंभर अक्षरं उच्चारायला लागतील एवढा वेळ थांबावं, आणि मोड पिकल्या जांभळाच्या रंगाचा झाला की क्षार आंबट कांजीने किंवा दह्याच्या निवळीने धुऊन काढावा. एका वेळी एकच मोड. दुसरा सात दिवसांनी. आधी उजवीकडचा, मग डावीकडचा, मग मागचा, शेवटी पुढचा. औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय त्याने सांगितले आणि कोणत्या मोडाला कोणता, हेही ठरवून दिलं. यातला कुठलाच निर्णय न पाहता घेता येत नाही.

चरकसंहितेचा सूर वेगळा आहे. शस्त्र, क्षार आणि अग्नी यांनी काय बिघडू शकतं हे चरक स्पष्ट सांगतो : नपुंसकत्व, गुदाला सूज, मल-मूत्र अडणं, असह्य वेदना, अतिरक्तस्राव, दुखणं पुन्हा उलटणं, प्रसंगी मृत्यू. म्हणून त्याचा भर औषधावर आणि पथ्यावर. ताकासारखं दुसरं औषध वात-कफाच्या अर्शाला नाही, असं तो जवळजवळ निक्षून म्हणतो. कारणं सांगताना कठीण आणि खाचखळग्यांच्या आसनावर बसणं, उकिडवं बसून राहणं, उंटासारख्या वाहनांवरचा प्रवास, वेग अडवून धरणं हे सगळं त्याने मोजलं आहे. निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती, आणि बालाघाटाच्या चढउतारावर बैलगाडीच्या साटीवर बसून मैलोन् मैल जाणारे शेतकरी तर कालपरवापर्यंत होते. चरकाची यादी त्यांना परकी वाटली नसती.

पुढच्या शतकांत मराठी घरांपर्यंत पोचलं ते चरकाचं पथ्य. सुश्रुताचं यंत्र पोचलं नाही. ताक आलं, सुरणाची भाजी आली, नागकेशर-लोणी आलं, कुड्याची साल आली. कुड्याची साल रक्ती मूळव्याधीलाही दिली जाई आणि रक्ती आव पडली तरीही. क्षार लावण्याची विद्या मात्र काही घराण्यांत गुपित होऊन बसली. बापाने मुलाला सांगायचं, बाहेर कुणाला नाही. यंत्राने आत पाहणं, मोडाची जागा ठरवणं, आठवडाभर थांबून पुढचा मोड घेणं ही शिस्त गळाली आणि हातात उरलं ते जळजळीत औषध.

घरगुती पथ्याला नावं ठेवायचं कारण नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक, भरपूर पाणी यांनी मल मऊ होतो, कुंथावं लागत नाही आणि सुरुवातीच्या अवस्थेतली मूळव्याध खरोखरच शांत होते. आजचे सर्जनही पहिल्या भेटीत हेच सांगतात. अडचण निराळीच आहे. मूळव्याधीचं रक्त आपोआप थांबतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिसतं. त्यामुळे थांबायच्या आधी जे काही घेतलं असेल त्याला यश मिळतं, मग ते सुरण असो, अंगठी असो की मंत्र. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचं रक्तही असंच थांबून थांबून येतं. दोन्हींतला हा सारखेपणा शेकडो वर्षं न पाहणाऱ्यांच्या पथ्यावर पडत आला.

हे फक्त इथेच झालं असंही नाही. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकात जॉन आर्डर्न हा सर्जन घोड्यावर दिवसच्या दिवस काढणाऱ्या सरदारांची भगंदरं बरी करून नावारूपाला आला. लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सामन याने केवळ गुदरोगांच्या गरीब रुग्णांसाठी सात खाटांचं रुग्णालय काढलं, तेच पुढचं सेंट मार्क्स. अमेरिकेत १८७१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या मिचेल नावाच्या डॉक्टरने मोडात कार्बोलिक ॲसिड आणि ऑलिव्ह तेलाचं इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. पुढे हे गुपित विकलं गेलं आणि गावोगाव फिरणाऱ्या ‘पाइल्स डॉक्टरां’ची फौज तयार झाली. शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज यांनी १८७९ मध्ये अशा सुमारे ३,३०० रुग्णांची माहिती गोळा केली, तेव्हा मोठ्या जखमा, गळवं आणि मृत्यूही पुढे आले. गुप्त औषध, फिरता वैद्य, लाजेने गप्प बसणारा रुग्ण : सगळं आपल्या ओळखीचं.

केज तेव्हा निजामाच्या राज्यात, बीड जिल्ह्यात. राजधानी हैदराबादेत वैद्यकीय शाळा १८४६ पासून होती. तिथेच १८८८ आणि १८८९ मध्ये एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने क्लोरोफॉर्म आयोगाचे गाजलेले प्रयोग झाले. भूल सुरक्षित कशी द्यायची, यावर जगभर वाद घडवणारं काम आपल्याच राजधानीत चालू होतं, पण बालाघाटाच्या कडेच्या तालुक्यापर्यंत सर्जनचा हात यायला अजून फार वेळ होता. वाट उघडली ती दुसऱ्याच बाजूने. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, तिचा फाटा १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोचला, आणि १९२७ मध्ये पंढरपूरच्या पुढे मिरजेपर्यंत रूळ गेले. मिरजेत विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून उभं होतं आणि ऑपरेशन म्हटलं की दक्षिण महाराष्ट्राच्या तोंडी मिरजेचं नाव येई. अडीच फुटी रुळांवरून हळूहळू जाणारी ती गाडी लातूर, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत थेट त्या दवाखान्याच्या गावी उतरवत होती. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे आणि सोबत यायला माणूस, त्याच्यासाठी.

अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. ज्यांच्या नावाने ते आहे त्या स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करण्याआधी याच गावच्या योगेश्वरी शाळेत काम केलं होतं. या महाविद्यालयामुळे केज, धारूर, परळीकडच्या माणसासाठी सर्जरीची ओपीडी एसटीच्या एका तिकिटावर आली. तिथे पहिल्यांदा बोटाने आतून तपासणी होते. तिला फक्त हातमोजा आणि जेली लागते, आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ त्या एका बोटाला लागू शकते. तरीही या तपासणीला नको म्हणणारे पुष्कळ, आणि गर्दीच्या दवाखान्यात ती टाळून ‘मूळव्याध’ लिहून मोकळे होणारेही.

मूळव्याध हे सर्वांत नेहमीचं कारण आहे, यात वाद नाही. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश सर्जनने १९७५ मध्ये दाखवून दिलं की मूळव्याध म्हणजे नवीन उगवलेलं काही नव्हे, या गाद्याच आधार सुटून खाली सरकतात. त्यांचं रक्त लालभडक असतं, मलावर वरवर लागतं किंवा शेवटी थेंब थेंब टपकतं, आणि दुखत बहुधा नाही. काचेने कापल्यासारखं दुखलं आणि पुसताना थोडं रक्त आलं तर ती बहुधा चीर, म्हणजे फिशर, खडा होऊन पडलेली. ताप, पोटात मुरडा, आव आणि रक्त असेल तर हगवण. रोगजंतू किंवा अमिबा आतड्याला जखमा करतात. अमिबावर एमेटिनची सुई कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये रूढ केली. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आल्यावर ती मागे पडली, आणि आता तर आव पडली की कुणीही दुकानातून तीच गोळी आणतो. इथेच गफलत होते. महिनोन् महिने चालणारी रक्त-आव ही अल्सरेटिव्ह कोलायटिस असू शकते, आतड्याचा टीबी असू शकतो. आपल्याकडे तो अजूनही आहे आणि वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, पोटदुखी यांसोबत येतो. आतड्यातली मोडासारखी वाढ, म्हणजे पॉलिप, वेदनेशिवाय रक्त देते. डांबरासारखा काळा, चिकट मल हे तर जठरातलं किंवा वरच्या आतड्यातलं रक्त, आणि अंगदुखीवर रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांत तो दिसतो. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, बिटाने लाल होतो. म्हणून घाबरण्याआधी काय खाल्लं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरला सांगावं.

आणि कॅन्सर. इथे बार्शीची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तोवर भारतातला कॅन्सर मोजला जात होता तो मुंबईसारख्या शहरांत. मुंबईची नोंदणी १९६३ ची. खेड्यात रुग्ण दवाखान्यात येतच नव्हता, मग मोजायचा कसा? बार्शीचे सर्जन डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्यासारख्या संख्याशास्त्राच्या जाणकारांच्या मदतीने, बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत माणसं पाठवली. हे कार्यकर्ते सरपंचाला भेटत, शिक्षकांना भेटत, गावात बैठक घेऊन लक्षणं समजावून सांगत : बरी न होणारी जखम, गाठ, अवेळी जाणारं रक्त. संशय आला की रुग्णाला बार्शीला तपासणीला आणत. मोजणी आणि जागृती एकाच फेरीत होत गेली, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या अवस्थेत येऊ लागल्याचं दिसलं. याच कामाच्या पायावर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं.

मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरबाबत बार्शीच्या नोंदींनी दिलासा दिला : त्याचं प्रमाण इथे जगातल्या अगदी कमी प्रमाणांत मोडतं. आयर्लंडमध्ये जन्मलेले सर्जन डेनिस बर्किट आफ्रिकेत वीसेक वर्षं काढून १९७० च्या सुमारास सांगत होते की चोथा असलेलं जाडंभरडं अन्न खाणाऱ्यांत हा कॅन्सर आणि मूळव्याधही कमी दिसते. शाळूची भाकरी खाणारा हा पट्टा त्यांच्या मांडणीत चपखल बसतो, जरी आज शास्त्रज्ञ आहाराबरोबर इतर कारणंही धरतात. पण कमी प्रमाणाला एक वाईट बाजू आहे. क्वचित आढळतो म्हणून तो डॉक्टरच्याही मनात शेवटी येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१७ मध्ये आपल्या ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचं सरासरी वय सुमारे ४७ निघालं, आणि सर्वाधिक गाठी गुदाशयातच होत्या. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा आजार. पस्तिशी-चाळिशीच्या माणसाला ‘या वयात काय, मोडच असणार’ म्हणून परत पाठवणं इथे महागात पडतं. रक्त मलात मिसळलेलं, सोबत चिकट आव, शौचाला जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटणं, सवय बदलणं, अशक्तपणा, वजन घटणं : यांतलं काहीही असेल तर दुर्बीण घालून आतडं पाहावं लागतं. घरात कुणाला हा आजार झाला असेल तर आणखी लवकर.

केज तालुक्यात या उशिराला ऊसतोडीचा हंगाम जोडला जातो. दिवाळीच्या आसपास कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली. मग मार्च-एप्रिलपर्यंत सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातल्या फडांवर मुक्काम. खोपीला संडास नाही. बायका अंधार पडेपर्यंत थांबतात, थांबता यावं म्हणून पाणी कमी पितात, आणि मग खडा, चीर, मोड यांना वेगळं निमंत्रण लागत नाही. खाडा पडला तर दंड, म्हणून रक्त दिसलं तरी गावी परतल्यावर बघू. याच जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं आणि २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली असल्याचं आलं. त्यांतल्या अनेकींना पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून कॅन्सरचं भय दाखवायचं, आणि शौचातून खरंच रक्त जातं तेव्हा मोड म्हणून मलम द्यायचं. दोन्ही ठिकाणी नीट तपासणी झालेली नसते. त्याची किंमत ज्या बायकांनी मोजली त्यांच्याबद्दल हळहळ वाटते, आणि संतापही येतो.

भिंतीवरच्या पाट्यांनाही इतिहास आहे. ‘चांदसी’ नावाने देशभर चाललेली मूळव्याधीची दुकानं बंगालच्या बारिसाल भागातल्या चांदसी या गावाचं नाव सांगतात. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याने नोंदणीशिवाय उपचार करणं गुन्हा ठरवलं, तरी खोल्या चालूच आहेत. नको तिथे क्षार किंवा इंजेक्शन पडलं की गुदद्वार आकसतं, शौचाची वाट पेन्सिलीएवढी उरते, आणि ते दुरुस्त करायचं काम पुन्हा सरकारी सर्जनकडे येतं. याउलट तीच जुनी विद्या उजेडात आणली तर काय होतं, हे पी. जे. देशपांडे यांनी दाखवलं. अकराव्या शतकातल्या चक्रदत्ताने निवडुंगाचा चीक आणि हळद माखलेला दोरा, म्हणजे क्षारसूत्र, सांगितला होता. बनारस हिंदू विद्यापीठात देशपांड्यांनी १९६० च्या दशकापासून त्यावर पद्धतशीर काम केलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भगंदराच्या रुग्णांवर क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष छापला : दोऱ्याने जखम भरायला वेळ जास्त लागतो, पण वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण ४ टक्के, शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के. गुपित नाही, भिंतीवर जाहिरात नाही, रुग्ण मोजलेले.

बार्शीच्या कामातून एक नवा रुग्णवर्गही तयार झाला आहे, आणि त्याची आठवण केज-कळंबकडच्या डॉक्टरांनी ठेवायला हवी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन बऱ्या झालेल्या बायका गावोगाव आहेत. शेजारच्या गुदाशयाच्या अस्तराला त्या किरणांचा त्रास होऊन काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, त्यांच्या शौचातून रक्त जाऊ लागतं. ती मूळव्याध नसते. तिथे बांधणं-जाळणं केलं तर जखम भरत नाही, आणि क्वचित योनिमार्गापर्यंत भोक पडतं. दुर्बिणीतून पाहून त्यावर सुक्राल्फेटचा एनिमा किंवा फॉर्मॅलिन लावण्यासारखे वेगळे उपाय करावे लागतात. अशी बाई पदराआड तोंड लपवून ‘मोड आलेत’ एवढंच सांगते. पूर्वी शेक घेतला होता का, हा प्रश्न तिला विचारावा लागतो आणि बार्शीची जुनी फाइल मागून घ्यावी लागते.